बुक केलेली गाडी ठरल्या दिवशी मिळाली नाही, तर गाडीचा आग्रह धरावा की पैसे परत मागावेत?

नमस्कार.

तुमच्या प्रश्नातील हकीकत मी अशी समजलो आहे. तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग आहे. श्रावणात सांगलीतील एका शोरूममध्ये तुम्ही घरच्या वापरासाठी गाडी बुक केली, ५१,००० रुपये यूपीआयने भरले आणि दसऱ्याला ताबा देऊ, असे सेल्स एक्झिक्युटिव्हने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले. दसरा गेला, दिवाळीचा पाडवाही गेला. आता शोरूमवाले सांगतात की त्या व्हेरिएंटची गाडी कधी येईल ते सांगता येणार नाही आणि थांबायचे असेल तर नव्या दराने पैसे भरावे लागतील. वरच्या व्हेरिएंटची एक गाडी स्टॉकयार्डात उभी आहे, पण तिच्याबरोबर ४०,००० रुपयांचे अ‍ॅक्सेसरीज किट आणि विमा त्यांच्याकडूनच घेण्याची अट आहे. बुकिंग रद्द केले तर १०,००० रुपये कापले जातील. कायदा आपल्या बाजूने आहे का आणि आयोगात गेल्यास आपली गाडी आपल्याला मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे.

सांगली जिल्हा ग्राहक आयोगापुढे मी अशा तक्रारी चालवतो आणि काही प्रकरणांत वितरकाच्या बाजूनेही उभा राहिलो आहे, त्यामुळे दोन्हीकडचे कागद आणि युक्तिवाद मला परिचित आहेत. कायदा बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने आहे. परंतु कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्याआधी एक निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल, तो म्हणजे तुम्हाला गाडी हवी आहे की पैसे. हे दोन मार्ग पहिल्या पत्रापासूनच वेगळे होतात. जो ग्राहक सोमवारी ‘माझी गाडी द्या’ आणि गुरुवारी ‘माझे पैसे परत करा’ असे लिहितो, त्याच्या तक्रारीवर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो की ग्राहकाने स्वतःच व्यवहार मोडला. दोन डगरींवर पाय ठेवल्यामुळे चांगली प्रकरणे लंगडी पडलेली मी पाहिली आहेत.

हा निर्णय घेण्यासाठी बुकिंग म्हणजे काय, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. पावती हातात पडली म्हणजे आपली गाडी कुठेतरी तयार होत आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी तुम्ही एका वर्णनाची गाडी घेण्याचा करार केलेला असतो. माल विक्री कायदा, १९३० नुसार जो माल अद्याप निश्चित झालेला नाही, त्याची मालकी खरेदीदाराकडे जात नाही, आणि ‘हाच माल द्या’ असा आदेश देण्याचा त्या कायद्यातील अधिकारही निश्चित झालेल्या मालापुरताच आहे. गाडीच्या बाबतीत ती निश्चित होते चॅसिस क्रमांकाने. अलॉटमेंट पत्रावर, प्रोफॉर्मा बिलावर किंवा बँकेला पाठवलेल्या कागदावर जोपर्यंत सतरा अक्षरांकांचा तो क्रमांक आलेला नाही, तोपर्यंत गाडीवरील तुमचा हक्क कच्चा असतो. पैशांवरील आणि नुकसानभरपाईवरील हक्क मात्र पहिल्या दिवसापासून पक्का असतो.

म्हणून शोरूमला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘गाडी कधी येणार?’ हा नसून ‘माझ्या बुकिंगवर कोणता चॅसिस क्रमांक लावला आहे?’ हा असावा, आणि तो ई-मेलने विचारावा. ज्या शोरूमकडे खरोखर गाडी येणार असते, ते हा क्रमांक देतात किंवा अमुक खेपेत येत आहे, असे लेखी कळवतात. ज्यांनी तुमच्यासाठी ठरलेली गाडी दुसऱ्या कोणाला देऊन टाकलेली असते, ते या प्रश्नाला फोनवरच उत्तर देतात.

आता बुकिंग फॉर्म पुढे घेऊन बसा. समोरच्या बाजूला मॉडेल, व्हेरिएंट, रंग, एक्स-शोरूम किंमत, विमा, नोंदणी, अ‍ॅक्सेसरीज असे रकाने असतात आणि तळाशी कुठेतरी ‘अपेक्षित ताबा’ असा एक रकाना असतो, जो बहुतेक वेळा कोराच ठेवलेला असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी असतात. ‘ताब्याच्या दिवशीची किंमत लागू राहील’, ‘ताब्याची तारीख अंदाजे असून विलंबास आम्ही जबाबदार नाही’ आणि ‘बुकिंग रद्द केल्यास अमुक रक्कम वजा केली जाईल’ या तीन अटी जवळपास प्रत्येक फॉर्मवर असतात. माझ्याकडे पलूसकडचे एक निवृत्त शिक्षक आले होते. त्यांनी तो कोरा रकाना स्वतःच्या अक्षरात ‘दसऱ्यापूर्वी, पांढरा रंग’ असा भरला होता, एक्झिक्युटिव्हची सही आणि शोरूमचा शिक्का शेजारीच घेतला होता आणि त्याचा फोटोही काढून ठेवला होता. मागच्या छापील अटीवर शोरूमने बराच भर दिला, पण हाताने लिहून शिक्का मारलेल्या त्या ओळीपुढे तो टिकला नाही आणि मध्यस्थीच्या पहिल्याच बैठकीत व्याजासह पूर्ण रक्कम देण्याचे त्यांनी मान्य केले. तुमच्या फॉर्मवर तो रकाना कोरा असेल, तर तुमचा आधार व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आहे, आणि तोही कमी प्रतीचा नाही. एक्झिक्युटिव्ह हा शोरूमचा प्रतिनिधी असतो, आणि त्याला असा शब्द देण्याचा अधिकार आहे असे ग्राहकाला वाटेल अशी परिस्थिती मालकाने निर्माण केली असेल, तर तो शब्द मालकावर बंधनकारक होतो, असे करार कायदा सांगतो.

येथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी स्पष्टच सांगतो. ‘दसऱ्याला देऊ’ आणि ‘दसऱ्यापर्यंत प्रयत्न करू’ या दोन वाक्यांत आयोगापुढे मोठे अंतर पडते. तुमच्या संदेशात नेमके कोणते शब्द आहेत, ते पुन्हा पाहा. कोणतीच तारीख ठरलेली नसेल तर कायदा ‘वाजवी मुदत’ धरतो, आणि ती मॉडेलला असलेल्या मागणीनुसार कमी-जास्त होते. कंपनीने स्वतःच काही महिन्यांची प्रतीक्षा जाहीर केलेली असेल तर शोरूमला काही प्रमाणात बचाव मिळतो, मात्र तुमच्यानंतर बुकिंग केलेल्यांना त्याच व्हेरिएंटच्या गाड्या मिळाल्याचे दाखवता आले तर तो बचाव कोसळतो. गाडी कोणाच्या नावाने आणि कशासाठी घेतली, यालाही महत्त्व आहे. घरच्या वापरासाठी घेणारा शेतकरी ग्राहकच असतो, आणि स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टुरिस्ट परवान्याची एक गाडी घेणारा तरुणही ग्राहक ठरतो, पण फर्मच्या नावाने व्यवसायासाठी घेतलेल्या गाड्यांवर हमखास आक्षेप येतो.

वाढीव किमतीबाबत बोलायचे तर, ‘ताब्याच्या दिवशीची किंमत’ ही अट कंपनीने सर्वांसाठी दर वाढवला असेल तेव्हा सहसा टिकते, हे मान्य करावे लागेल. परंतु ठरलेली मुदत शोरूमनेच ओलांडली आणि त्या विलंबाच्या काळात किंमत वाढली, तर चित्र बदलते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘प्रतिबंधक व्यापारी प्रथा’ या संज्ञेच्या व्याख्येतच मान्य मुदतीपलीकडे विलंब करून किंमत वाढण्यास कारण होणे, ही गोष्ट स्पष्टपणे घातलेली आहे. म्हणूनच दसऱ्याची तारीख सिद्ध होणे तुमच्यासाठी एवढे मोलाचे आहे, कारण ती सिद्ध झाली की दसऱ्यानंतरची वाढ तुमच्या माथी मारता येत नाही. करांचा नियम मात्र वेगळा आहे. करारानंतर कर वाढला किंवा घटला तर, वेगळे काही ठरलेले नसल्यास, तो फरक खरेदीदाराकडे जातो, असे माल विक्री कायद्याचे कलम ६४-क सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आधी बुकिंग करून नंतर ताबा घेणाऱ्यांनी कमी कराचा आग्रह धरणे याच तत्त्वाला धरून होते.

अ‍ॅक्सेसरीज किट आणि विमा यांची सक्ती हा तुमच्या प्रकरणातील सर्वांत स्पष्ट मुद्दा आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अटही ‘प्रतिबंधक व्यापारी प्रथे’च्या त्याच व्याख्येत येते. विमा उतरवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि नव्या गाडीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हे खरे आहे, परंतु तो कोणत्या कंपनीचा आणि कोणामार्फत घ्यायचा हे ठरवणे तुमच्या हातात आहे. बाहेरून घेतलेल्या पॉलिसीवर कॅशलेस दुरुस्ती मिळणार नाही, असे शोरूममध्ये वारंवार सांगितले जाते. ती सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली त्यावर नसते. ऑन-रोड किमतीच्या कोटेशनमधील प्रत्येक रक्कम कशाची आहे, ते लिहून मागा आणि ‘हँडलिंग’सारख्या नावाखाली बिलाबाहेरचे पैसे कधीही देऊ नका. गाडी दहा लाखांवरची असेल तर त्यावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा केलेला आयकर, आकारला जातो. तो शोरूमचा वाढीव आकार नाही आणि आयकर विवरणपत्रात तुमच्या खात्यावर जमा धरला जातो, त्यामुळे त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही.

कपातीच्या १०,००० रुपयांविषयी माझे मत ठाम आहे. तुम्ही विनाकारण मन बदलून बुकिंग रद्द केले असते तर वाजवी कपात शोरूमला मागता आली असती. येथे करार त्यांच्याकडून पाळला गेलेला नाही, आणि ज्याने करार मोडला त्याला दुसऱ्याची अनामत कापून घेता येत नाही. म्हणून रद्द करण्याच्या त्यांच्या छापील अर्जावर सही करू नका. त्या अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे आधीच छापलेले असते आणि ते दोन शब्द पुढे तुमच्याच विरोधात वाचले जातात. ‘ठरल्या मुदतीत ताबा न दिल्यामुळे’ असे तुमच्या स्वतःच्या पत्रात लिहा.

आता पहिल्या पत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मे प्रकरण तिथेच ठरते. पत्र शोरूमच्या मालकाच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावे असावे आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ई-मेलने द्यावी. मजकूर साधारण असा असू शकतो: ‘मी अमुक तारखेस अमुक मॉडेल, व्हेरिएंट आणि रंगाची गाडी बुकिंग क्रमांक अमुकने नोंदवली असून ५१,००० रुपये भरले आहेत. आपल्या प्रतिनिधीने अमुक तारखेच्या संदेशाद्वारे दसऱ्यास ताबा देण्याचे मान्य केले होते. ती मुदत उलटली आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या बुकिंगवरील चॅसिस क्रमांक कळवून, बुकिंगच्या वेळच्या किमतीत आणि कोणत्याही अतिरिक्त खरेदीची अट न घालता ताबा द्यावा. तसे न झाल्यास आपण करार मोडला असे समजून मी भरलेली संपूर्ण रक्कम व्याजासह परत मागेन आणि गाडी अन्यत्र घेतल्यास येणारा फरक आपल्याकडून वसूल करेन.’ या मजकुरात गाडीची मागणी आधी आहे आणि पैशांची मागणी मुदत संपल्यानंतरची आहे, त्यामुळे तुम्ही व्यवहार मोडला, असे कोणाला म्हणता येत नाही. पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि त्यात राग, आरोप किंवा धमकी काही लिहू नका, कारण हे पत्र पुढे आयोगाचे सदस्य वाचणार आहेत.

तुमच्या जागी मी काय केले असते, असेही तुम्ही विचारले आहे. चॅसिस क्रमांक पंधरा दिवसांत आला तर गाडी घ्यावी. तो आला नाही तर गाडीच्या मागे लागू नये. आयोगाचे आदेश बहुतेक वेळा रक्कम, व्याज, भरपाई आणि खर्च या स्वरूपाचे असतात. अनिश्चित गाडीचा ताबा मिळवण्यासाठी प्रकरण चालवत राहिलात, तर तोवर ते मॉडेलच बदललेले असण्याची शक्यता असते. त्यापेक्षा मिरज, कऱ्हाड किंवा कोल्हापूरकडील दुसऱ्या वितरकाकडून तीच गाडी घ्यावी आणि फरक मागावा. या फरकाला करार कायद्याच्या कलम ७३ चा आणि माल विक्री कायद्याच्या कलम ५७ चा आधार आहे. मात्र त्यासाठी जुने कोटेशन, नवे बिल आणि व्हेरिएंट तोच असल्याचा पुरावा लागतो. वरच्या व्हेरिएंटची गाडी घेऊन फरक मागता येत नाही. मानसिक त्रासापोटी मोठ्या रकमेची अपेक्षाही ठेवू नये. आयोग ती देतो, पण हात राखून देतो.

कर्ज काढले असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल. बँकेचा डीओ, म्हणजे गाडी द्यावी असे शोरूमला कळवणारा डिलिव्हरी ऑर्डर, निघून रक्कम शोरूमच्या खात्यात गेली की गाडी येवो न येवो, हप्ता सुरू होतो. चॅसिस क्रमांकासह प्रोफॉर्मा बिल आल्याशिवाय रक्कम सोडू नये, असे शाखेला लेखी कळवा. तसेच बुकिंगची रक्कम कोणाच्या यूपीआय खात्यात गेली, ते आजच तपासा. ती एक्झिक्युटिव्हच्या वैयक्तिक खात्यात गेली असेल आणि शोरूमची पावती नसेल, तर विलंब न करता मालकाला लेखी कळवा, कारण अशा वेळी प्रकरण फसवणुकीचे होऊ शकते आणि पोलिसांत तक्रार देण्याची वेळ येऊ शकते. रक्कम रीतसर जमा झालेली असेल तर पोलिसांत जाऊन उपयोग होत नाही, तिथे हा दिवाणी वाद असल्याचेच उत्तर मिळते.

कंपनीलाही प्रतिपक्ष करावे का, हा प्रश्न पक्षकार नेहमी विचारतात. गोव्यातील एका प्रकरणात वितरकाने ग्राहकाला जुन्या वर्षाची गाडी दिली होती. त्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की कंपनी आणि वितरक यांच्यातील व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असेल, तर वितरकाच्या गैरप्रकाराची कंपनीला माहिती होती किंवा त्यात तिचा सहभाग होता, हे दाखवल्याशिवाय कंपनीवर जबाबदारी टाकता येत नाही. म्हणूनच पहिल्या पत्राची प्रत कंपनीला पाठवायची असते, म्हणजे तिला माहिती नव्हती, असे नंतर म्हणता येत नाही. बुकिंग कंपनीच्या संकेतस्थळावरून झाले असेल आणि पैसे तिच्याकडे गेले असतील, तर कंपनीला प्रतिपक्ष करणे आवश्यकच आहे.

तक्रारीची प्रक्रिया लोकांना वाटते तेवढी अवघड नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरेच शोरूम कंपनीकडून विचारणा झाली की तिथेच रक्कम परत करतात. तसे न झाल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे गाडी पुण्यात किंवा कोल्हापुरात बुक केली असती तरी तुम्हाला सांगलीतच दाद मागता आली असती. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रतिपक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तो गृहीत धरूनच बाहेर पडा. छापील अट एकतर्फी म्हणून ती रद्दच ठरवून हवी असेल तर तो अधिकार राज्य आयोगाकडे आहे, म्हणून जिल्हा आयोगातील तक्रार सेवेतील त्रुटी आणि व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर मांडावी. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण तारखा दिसतील अशा रीतीने संपूर्ण छापून जोडा आणि मूळ मोबाइल जपून ठेवा. मधले संदेश गाळलेल्या प्रती संशय निर्माण करतात.

या पंधरा दिवसांत शोरूममधून ‘गाडी आली, लगेच या’ असा फोन येण्याचीही शक्यता आहे, आणि मुहूर्त चुकल्यामुळे घरातील मंडळी घाई करतील. तरीही उरलेली रक्कम देण्यापूर्वी दिवसाउजेडी स्टॉकयार्डात जाऊन गाडी पाहा. चॅसिस क्रमांक गाडीवर कोरलेला असतो, आणि उत्पादनाचा महिना व वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, लिहावे लागते. जतच्या एका दांपत्याला जानेवारीत दिलेली गाडी मागच्या वर्षाच्या पूर्वार्धातील निघाली होती, आणि हे त्यांना नोंदणीच्या कागदपत्रांवरून नंतर कळले. ताबा घेताना त्यांनी ‘गाडी समाधानकारक स्थितीत मिळाली’ या कागदावर सही केलेली असल्यामुळे ते प्रकरण विनाकारण लांबले. जुन्या उत्पादनाची गाडी सवलतीत घेण्यात गैर काही नाही, पण ती सवलत बिलावर दिसली पाहिजे. टायरवरील उत्पादनाचा आठवडा, मीटरवरील किलोमीटर, रंगाचे डाग आणि काचांवरील क्रमांक पाहून घ्या. नोंदणी क्रमांक पडल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. नोंदणीविना ताबा देणे वितरकालाही नियमाने मना आहे, मग मुहूर्त कोणताही असो. आणि वाढीव दर देऊनच गाडी घ्यावी लागत असेल, तर त्या समाधानपत्रावर सहीच्या वर ‘वाढीव रकमेबाबत हरकत राखून’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्याचा फोटो काढल्यानंतरच किल्ली घ्या.